ज्यांची तिथी कुणाला ठाऊक नाही...

गेल्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता माझ्या लेकीनं हट्ट धरला. "आई, मला हॅलोविनला भूत व्हायचंय!" मोबाईलवर कुठंतरी पाहिलेलं. भोपळ्याला डोळे कोरायचे, तोंडाला पांढरं फासायचं. "आपल्याकडे कोहळ्याची भाजी होते, भूत नाही होत," असं म्हणून मी तिला उडवून लावलं.

शेजारच्या मावशी दारातच उभ्या होत्या. हसून म्हणाल्या, "अगं, तो भुतांचा सण नाहीच मुळी. जुन्या इंग्रजीत हॅलो म्हणजे संत. फोनवरचा हॅलो नव्हे हं! एक नोव्हेंबरला आमचा सर्व संतांचा सण असतो. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन."

मावशी मूळच्या वसईच्या, कॅथलिक. नर्सची नोकरी लागली म्हणून यवतमाळला आल्या आणि इथल्याच झाल्या. काकाही इथेच मातीआड गेले. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांच्या नाताळचा केक तेवढा आम्हाला माहीत! या सणाचं मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी चहा टाकला आणि विचारलं.

"तुमच्यात संत होतात तरी कसे, मावशी?"

त्या सांगू लागल्या. चर्च आधी त्या माणसाच्या आयुष्याची कसून चौकशी करतं, साक्षी-पुरावे तपासतं, मग पोप ते नाव जाहीर करतात. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. त्यांना संतपद मिळालं ते १८६२ मध्ये. म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षांनी! भारतात जन्मलेले ते पहिले संत. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा २००८ मध्ये संत झाल्या, मदर तेरेसा २०१६ मध्ये. प्रत्येकाला वर्षातला आपापला दिवस नेमून दिलेला.

"मग हा सर्वांचा वेगळा दिवस कशाला?"

"हेच तर खरं! ज्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत, त्यांच्यासाठी हा दिवस."

सुरुवातीच्या काळात रोमन सत्तेनं इतक्या ख्रिस्ती लोकांना मारलं, की साऱ्यांची नावं ठेवणंच शक्य नव्हतं. सातव्या शतकात रोममधलं पॅन्थिऑन हे जुनं देऊळ मरियामाता आणि सर्व हुतात्मे यांच्या नावे अर्पण झालं. पुढे नवव्या शतकात पश्चिमेकडे एक नोव्हेंबर ही तारीख रूढ झाली. त्या दिवशी चर्चमध्ये येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचतात. दीन, शोक करणारे, दयाळू, शांती करणारे हे सगळे धन्य, असं सांगणारं. दुसऱ्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, सगळ्या मृतांची आठवण. कबरी झाडायच्या, फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायच्या. संतांच्या दिवशी धर्मगुरूंचा झगा पांढरा, मृतांच्या दिवशी बहुधा जांभळा.

सगळेच ख्रिस्ती असं करतात असं नाही बरं का. आपल्या यवतमाळात फ्री मेथडिस्ट मंडळी जुनी. पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ पर्यंत इथंच होती. ही प्रॉटेस्टंट मंडळी संतांकडे प्रार्थना करत नाहीत. त्यांच्या लेखी देवावर विश्वास ठेवणारा प्रत्येक जण पवित्रच. पण भल्या माणसांची आठवण त्यांनाही प्यारी. केडगावला शेकडो निराधार बायका-मुलींना आसरा देणाऱ्या, मराठीत बायबल आणणाऱ्या आपल्या पंडिता रमाबाईंचा स्मरणदिन इंग्लंडचं चर्च ३० एप्रिलला पाळतं. आपल्यापैकी कितीजणींना हे ठाऊक आहे?

मी म्हटलं, "मावशी, हे तर आमच्या सर्वपित्री अमावस्येसारखंच झालं की! ज्यांची तिथी माहीत नाही, त्यांचं त्या दिवशी."

मावशी म्हणाल्या, "थोडं तसंच. फरक इतकाच, की पहिल्या दिवशी आम्ही त्यांच्यासाठी काही मागत नाही, त्यांनीच आमच्यासाठी देवाकडे मागावं म्हणतो." मग कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात होतं का गं असं कुणी?"

मी गप्पच झाले. डोळ्यांसमोर आत्या आली.

एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी परतलेली माझी आत्या. चाळीस वर्षं आमच्या घरात राबली. पहाटे चूल, दिवसा कापसाची वेचणी, रात्री आम्हा भावंडांच्या उशाशी गोष्टी. माझ्या डी.एड.ची फी भरायची होती तेव्हा बाबा हात चोळत बसले होते. तिनं पेटीतल्या दोन पाटल्या काढून दिल्या. म्हणाली, "मले काय करायच्या आता? पोरगी शिकली पाहिजे."

ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो निघाला नाही. पितृपक्षात आजोबांचं पान असायचं, आजीचं असायचं, पुढे बाबांचंही. आत्याचं नाही. "ती सासरची, तिचं तिकडे करतील," असं घरात म्हणायचे. सासरच्यांनी तर तिला जिवंतपणीच सोडलेलं! आणि मी? तिच्या पाटल्यांवर मास्तरीण झालेली मीसुद्धा कधी तोंड उघडलं नाही.

दोन तारखेला मी लेकीला घेऊन मावशींबरोबर कब्रस्तानात गेले. काकांच्या कबरीवर शेवंती वाहून झाली. शेजारी एक खचलेली कबर होती, नाव पुसलेलं. मावशींनी तिच्यावरचं गवत काढलं आणि एक मेणबत्ती तिथंही लावली. लेकीनं विचारलं, "आजी, ही कोणाची?" "माहीत नाही बेटा. म्हणूनच."

यंदाच्या सर्वपित्रीला मी वडे तळले, कढी केली, खीर केली आणि एक पान जास्तीचं वाढलं. सासूबाईंनी विचारलं, "हे कोणाचं?" मनात धाकधूक होती, पण म्हटलं, "माझ्या आत्याचं." त्या क्षणभर थांबल्या. मग स्वतःच पानावर तूप वाढत म्हणाल्या, "नाव काय होतं त्यांचं?"

लग्नाला अठरा वर्षं झाली. आत्याचं नाव या घरात मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. सीता.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही अशी एखादी सीता असेल. तिचं नाव एकदा मोठ्यानं घ्या. लेकीला ऐकू जाईल असं.