आठवीनंतर भटक्यांची मुलं शाळेतून का गळतात?

मध्यप्रदेशात, पांढुर्णा जिल्ह्यातल्या रामाकोना-सौंसरच्या पट्ट्यात रस्त्याकडेला पाल पडलं की त्यातल्या मुलांबद्दल गावाची मतं आधीच ठरलेली असतात. त्यातली बरीचशी चुकीची आहेत.

‘या लोकांना पोरं शिकवायचीच नसतात’ हा सगळ्यांत जुना गैरसमज. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला कैकाडी बाप बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरतो, तरी पोराला शाळेत घालण्याचा हट्ट सोडत नाही. असे आईबाप आजही पालोपाली भेटतात. अडचण येते ती मूल चौदा वर्षांचं झाल्यावर. घिसाड्याच्या पालावर भाता हलवायला धाकटं भावंड पुरतं. पण बापानं तापलेलं लोखंड सांडशीत धरलं की घण घालायला दुसरं माणूस लागतंच. तोवर तो घण आईनं घातलेला असतो. पोराला तो पेलू लागला की आईचे खांदे सुटतात. आणि नेमक्या याच वयात शिक्षणहक्क कायदाही हात सोडतो. २००९ चा हा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंतच आहे.

‘टीसी नाही, तर प्रवेश नाही’ हे आठवीपर्यंत साफ चूक आहे. टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. नववीला मात्र हे छत्र उरत नाही. तिथं टीसी, मार्कशीट, मध्यप्रदेश सरकारचा समग्र आयडी, जातीचा दाखला हे सगळं एकदम मागितलं जातं, आणि तोवर पाल दोन तालुके ओलांडून गेलेलं असतं.

जातीच्या दाखल्याबाबत या सीमाभागात मोठाच घोळ होतो. ‘नागपूरकडच्या नातलगांचा दाखला आहे, तो चालेल’ असं अनेकांना वाटतं. तो चालत नाही. एका राज्यातला दाखला दुसऱ्या राज्याच्या सवलतींना लागू होत नाही. गोंधळी, घिसाडी महाराष्ट्रात ‘भटक्या जमाती ब’मध्ये येतात. मध्यप्रदेशाची विमुक्त-घुमंतू यादी वेगळी, ५१ जातींची. हे दोन्ही समाज तिच्यातही आहेत, पण दाखला इथलाच काढावा लागतो. पारधी तर जुन्या छिंदवाडा जिल्ह्यासाठी अनुसूचित जमातीत आहेत. पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये त्यातूनच निघाला, हे अर्ज भरताना सांगायला हवं.

‘एकदा नाव कटलं की संपलं’ हेही खरं नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं आणि पाच वर्षांत विषय सोडवता येतात. दहावी-बारावीत नापास झालेल्यांसाठी मध्यप्रदेशात २०१६ मध्ये ‘रुक जाना नहीं’ योजना सुरू झाली. माझ्या मते तरी असं शाळेबाहेरून शिकणं हा दुसरा पर्याय. पहिला वसतिगृहाचाच, कारण पुस्तक उघडायला एका जागी टिकलेला दिवा लागतो. मुलींसाठी कस्तुरबा गांधी विद्यालयांची सोय २०१८ पासून बारावीपर्यंत वाढवता येते.

आणि ‘ही चोरांची जात’? १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं मारलेला हा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून पुसला गेला. तरी वर्गात कुणाचा पेन हरवला की आधी पालावरच्या मुलाचं दप्तर तपासलं जातं. अशा दोन झडत्या झाल्या की ते मूल स्वतःहून येणं बंद करतं. पटावर त्याचं कारण ‘स्थलांतर’ असं लिहिलं जातं.

आठवीच्या शिक्षकांनी दिवाळीनंतरच पालावर जाऊन समग्र आयडी आणि दाखल्याचे कागद सुरू करावेत. निकाल लागल्यावर टीसी आणि मार्कशीट आईबापाच्या हातात द्यावी, आणि पुढचा मुक्काम कुठल्या गावी, तेही विचारून तिथल्या हायस्कूलला फोन करावा.