रेडिएटरची कॅप : ओरिजिनल की लोकल?

मागच्या मे महिन्यात काकांची डिझेल गाडी पसरणी घाटात तापली. काटा वर गेलेला दिसत होता, पण 'पाचगणीला पोचून बघू' म्हणत काका चालवत राहिले. शेवटी वाफा सोडत गाडी उभी राहिली आणि आम्ही सगळे कठड्यावर. टो करून वाईला आणली तेव्हा कळलं, हेड गॅसकेट गेलं. सुरुवात कुठून, तर महिन्यापूर्वी टाकलेल्या लोकल रेडिएटर कॅपपासून. तिच्यावर वाचवलेले पैसे टो करायलाही पुरले नाहीत.

तेव्हापासून हॉस्टेलवर कुणी 'ओरिजिनल घेऊ की लोकल?' विचारलं, की मी आधी विचारतो, 'पार्ट कुठला?'

कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही, तो स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण ९५ लाच. ०.९ बारची कॅप आत जादा दाब धरून ठेवते, म्हणून तिथेही ११५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत पाणी उकळत नाही. स्प्रिंग मऊ निघाली की हे वीस अंश हातचे गेले, तेही नेमके चढावर.

थर्मोस्टॅटचं तेच. आतल्या डबीतलं मेण ठरलेल्या तापमानाला वितळून फुगतं आणि झडप उघडतं. काकांचा जुना ओरिजिनल आणि एक नवा लोकल मी पातेल्यात तापवून पाहिला. (मेसच्या शेगडीवर. रूमवर कॉइल लावली नव्हती, रेक्टर सरांनी नोंद घ्यावी.) दोन्हींवर ८२ छापलेलं. जुना ८३ ला हलला, नवा ९० ला, तोही अर्धवट. काही मिस्त्री तर 'आपल्या हवेत लागत नाही' म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन गार राहतं, डिझेल जास्त पितं, झिजतं. काही इंजिनांत बायपासची वाट थर्मोस्टॅटच बंद करतो. तिथे तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं आणि गाडी उलट जास्त तापते!

म्हणून हे दोन ओरिजिनलच, आणि पक्क्या बिलावर, कारण डबीही डुप्लिकेट मिळते.

रेडिएटरला मात्र मी एवढा हट्ट धरत नाही. गाडीच्या कंपन्या तो बहुतेक वेळा सप्लायरकडून घेतात, आणि सप्लायरच्या स्वतःच्या डबीत तो बऱ्याचदा स्वस्त मिळतो. जुना शेजारी ठेवून कोअरची जाडी आणि फिन्स किती दाट आहेत ते बघा. खालचा होज दाबून बघा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, मऊ असला तर आत चपटा होतो.

काकांनी तसंच केलं. ती लोकल कॅप अजून माझ्या टेबलावर आहे. अंगठ्याने दाबून बघायची असेल तर रूमवर या.