नव्या लॅपटॉपवर टर्बो सी
संगणकाच्या पोटात : लेखांक 9

फाइल उघडणं, पडद्यावर अक्षर उमटवणं, कागद प्रिंटरकडे धाडणं ही कामं प्रोग्रॅम स्वतः करत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून करवून घेतो, हे मागच्या भागात पाहिलं. मग सिस्टिमच बदलली तर त्या प्रोग्रॅमने कोणाला सांगायचं?

पार्ले ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या कॉलेजांत ज्यांनी कधीकाळी सी किंवा सी प्लस प्लसची प्रॅक्टिकल्स केली, त्यांना एक गर्द निळा पडदा नक्की आठवत असेल. पिवळी अक्षरं, वर राखाडी पट्टीवर मेनू. ते टर्बो सी प्लस प्लस. अमेरिकेतल्या बोरलँड कंपनीने 1990च्या सुमाराला ते डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बाजारात आणलं. डॉस गेला, फ्लॉपी गेली, पुढे बोरलँडही गेली. आपल्याकडचं टर्बो मात्र अभ्यासक्रमाचा हात धरून राहिलं.

विंडोज एक्सपीच्या काळापर्यंत कोणाला काही जाणवलं नाही. 32 बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचं सोंग वठवणारा एक भाग असे आणि टर्बोच्या मागण्या तो परस्पर पुरवी. मग घरोघर 64 बिटांचे लॅपटॉप आले. या प्रोसेसरमध्ये जुने 16 बिटांचे प्रोग्रॅम चालवायची जी खास सोय होती, ती 64 बिटांच्या कामकाजात बंद असते. मायक्रोसॉफ्टनेही तो सोंगाड्या भाग 64 बिटांच्या विंडोजमधून वगळला. आई-बाबांनी हप्त्यावर घेऊन दिलेल्या कोऱ्या लॅपटॉपवर मुलाने टर्बोच्या चिन्हावर टिचकी मारली, की ‘ही फाइल तुमच्या विंडोजशी जुळत नाही’ अशा अर्थाचा निरोप येई. 32 बिटांच्या विंडोज 10ने ही वाट थोडी किलकिली ठेवली होती, पण विंडोज 11 निघालं तेच फक्त 64 बिटांत. विंडोज 10ला मिळणारी नेहमीची मोफत मदतही 14 ऑक्टोबर 2025ला थांबली.

टर्बो तरीही चालतंच आहे, आणि ते डॉसबॉक्समुळे. 2002च्या सुमाराला जुने खेळ खेळता यावेत म्हणून दोघा-चौघा हौशी मंडळींनी सुरू केलेला हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. गोरेगावच्या फिल्मसिटीत जुन्या चाळीचा सेट उभारतात, तसा डॉसबॉक्स नव्या मशीनच्या आत एक जुनं मशीन उभं करतो. प्रोसेसर, व्हिडिओ कार्ड, साउंड कार्ड, सगळं खोटं. टर्बो एकेक आज्ञा देतं, डॉसबॉक्स ती वाचतो आणि खऱ्या प्रोसेसरकडून तसंच काहीतरी करवून घेतो. यालाच एम्युलेशन म्हणतात.

त्याचा वेगही मुद्दाम आवळलेला असतो. साध्या डॉस प्रोग्रॅमला मूळ बैठकीत सेकंदाच्या हजाराव्या भागाला 3000 आवर्तनं मिळतात, म्हणजे सेकंदाला तीसेक लाख. आजचा प्रोसेसर अब्जांत खेळतो. हा कंजूषपणा हवाच. कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलं पडद्यावरून मोटार चालवतात. दोन चित्रांमध्ये थोडं थांबायला म्हणून कोणी रिकामं लूप टाकतं, उगाच हजारो वेळा मोजत बसणारं. आजच्या वेगाने ती मोजणी पापणी लवायच्या आत संपते आणि मोटार दिसतच नाही. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ 12 दाबून वेग वाढवता येतो, कंट्रोल आणि एफ 11ने उतरवता येतो. खिडकीत अडकलेला माउस कंट्रोल आणि एफ 10ने सुटतो. हे ठाऊक नसल्याने लॅपटॉप हँग झाला म्हणून तो थेट बंद करणारे कमी नाहीत. शिवाय फाइलला लांबलचक नाव दिलंत, तर आत त्याची पहिली सहा अक्षरं, एक नागमोडी रेघ आणि 1 एवढंच उरतं. डॉसला नाव आठ अक्षरांपुरतंच कळतं.

कारागिरी म्हणून हे सुंदरच आहे. पण शिकवण्यासाठी? सी प्लस प्लसचं आंतरराष्ट्रीय प्रमाण 1998चं, टर्बो त्याच्या आधीचं. आज जी प्रमाण लायब्ररी गृहीत धरतात, ती त्यात नाही. मुलं शिकतात ती बोली टर्बोबाहेरचा नवा कंपायलर निमूट स्वीकारत नाही. पवईला आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने जीसीसी हा मोफत कंपायलर वापरून सी आणि सी प्लस प्लसचे धडे केलेत, मराठीतूनसुद्धा. इतक्या जवळ हे असताना वर्गात निळा पडदा जपायचा, याला मी तरी आळस म्हणेन.

हिशेब ठेवणाऱ्या टॅलीचं तसं नाही. तिथे गरज खरी असते. टॅली विंडोजसाठी बनतं, मॅकवर थेट बसेल अशी त्याची आवृत्ती नाही. इंटेलच्या मॅकवर हवं तर विंडोजच स्वतंत्र टाकता येई. नोव्हेंबर 2020पासून अॅपलच्या स्वतःच्या चिपा आल्या आणि ती सोय गेली. त्यांचा रोझेटा इंटेलच्या आज्ञांचं भाषांतर करतो खरा, पण मॅकसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमपुरतं. त्यामुळे मुलुंडच्या एखाद्या सीएला मॅकबुकवर टॅली हवं असेल, तर पॅरलल्ससारख्या प्रोग्रॅमच्या आत अख्खं विंडोज 11 बसवावं लागतं. तेही एआरएम चिपांसाठीचं, आणि टॅलीच्या इंटेलछाप आज्ञांचं भाषांतर मग ते विंडोज करतं. विक्रीचं व्हाउचर टाकायला सवयीने एफ 8 दाबावं, तर मॅकच्या हिशेबी ती गाणं सुरू करायची कळ! सोबत एफएन दाबायची किंवा सेटिंग बदलायचं, हे बोटांना शिकवावं लागतं.

लिनक्सवाल्यांचा वाइन 1993पासून तिसऱ्याच वाटेने जातो. तो खोटं मशीनही उभारत नाही आणि विंडोजही मागत नाही. विंडोजकडे केलेली मागणी लिनक्सच्या भाषेत फिरवतो. पुष्कळ चालतं, काही अडतं. ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हे तिन्ही उपाय जिथे थकतात ती जागा बहुधा मशीनच्या मागच्या बाजूला असते. जुन्या भारतीय भाषांच्या डीटीपी पॅकेजांबरोबर हार्डवेअर लॉक येई, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं. ते नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नसे. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. यूएसबीचं लॉक आतल्या विंडोजकडे सोपवता येतं, पण त्याचा ड्रायव्हर त्या विंडोजसाठी निघालेला असेल तरच. लग्नपत्रिका छापणाऱ्या ज्यांच्या दुकानात असं पॅकेज अजून पोट भरतंय, त्यांनी नवं मशीन जरूर घ्यावं, पण त्या पॅकेजमधल्या फाइलींची पीडीएफ काढून होईपर्यंत जुनं मशीन भंगारवाल्याला देऊ नये.