हॉटेलच्या खोलीतली पहाटेची कॉफी

भनपुरी हा रायपूरचा कारखान्यांचा भाग. यांच्या कामासाठी आम्ही तिथल्या एका लॉजवर चार दिवस उतरलो होतो. सोबत सासूबाई होत्या. पहाटे पाचला कॉफी घेतल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही, आणि लॉजच्या स्वयंपाकघरात साडेसातपर्यंत कुणी फिरकत नसे.

पहिल्या दिवशी मी खोलीतल्या विजेच्या केटलीतच दूध तापवले. ते क्षणात उतू गेले, तळाशी करपले. "राहू दे गं, घरी गेल्यावर घेईन," एवढेच सासूबाई म्हणाल्या. मला मात्र ते लागले. लिंबाची फोड घालून दोनदा पाणी उकळले, तेव्हा कुठे केटलीचा जळका वास गेला.

त्याच संध्याकाळी रायपूरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये गेलो. कामगारांच्या सहकारी संस्था ही कॉफी हाऊसेस १९५७ पासून चालवत आल्या आहेत. पहिल्या घोटालाच सासूबाईंचा चेहरा खुलला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाक्षिणात्य कॉफीत आधी घट्ट डिकॉक्शन काढतात, दूध मागाहून! मग केटलीत दूध हवेच कशाला?

दुसऱ्या पहाटे केटलीत फक्त पाणी उकळले. पहिले पाणी फेकून दिले, कारण आधीच्या पाहुण्याने त्यात काय शिजवले असेल कोण जाणे! पुन्हा उकळून मिनिटभर थांबले. अगदी उकळत्या पाण्याने कॉफी कडवट होते. घरून आणलेली फिल्टर कॉफीची पूड तीन मोठे चमचे स्टीलच्या भांड्यात घेतली, त्यावर अर्धा पेला पाणी ओतले, ढवळून बशी झाकली. पाच मिनिटांनी ओल्या, स्वच्छ पातळ फडक्यातून गाळले. पूड थोडी रवाळ असेल तर गाळ उतरत नाही. दुधाची पावडर आधी चमचाभर कोमट पाण्यात कालवावी, मग गरम पाणी घालावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

पूड घेताना पाकिटावरचे चिकोरीचे प्रमाण जरूर वाचा. चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. तिने रंग आणि दाटपणा येतो, पण ती फार असली की कॉफीचा स्वाद दबतो.

सासूबाईंनी कप संपवला आणि विचारले, "आणखी आहे का गं?"

परतीच्या दिवशी मी थर्मास भरूनच निघाले. रेल्वेच्या डब्यातला सॉकेट मोबाईल आणि लॅपटॉपपुरता. तिथे केटली लावायला मनाई आहे.