एक ग्रंथी, दोन व्याधी

जयनगर हा दक्षिण बंगळूरचा नियोजनपूर्वक वसविलेला, झाडीने नटलेला भाग. तेथून थोड्याच अंतरावर, होसूर रस्त्याच्या बाजूस, किदवाई कर्करोग संस्था आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेला १९८० मध्ये विभागीय कर्करोग केंद्राचा दर्जा मिळाला. गळ्यावरील लहानशी गाठ दाखविण्यासाठी अशा केंद्राची पायरी चढणाऱ्या रुग्णाच्या मनात एकच प्रश्न असतो : ही गाठ कर्करोगाची तर नाही? क्वचित प्रसंगी मात्र त्याचे उत्तर दुहेरी असते.

अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, श्वासनलिकेच्या पुढील बाजूस असते. तिच्यातील बहुसंख्य पेशी आयोडीन शोषून संप्रेरके तयार करतात. त्यांच्यापासून उद्भवणारा पॅपिलरी कर्करोग सर्वाधिक आढळतो व उपचारांना बहुधा चांगला प्रतिसाद देतो. याच ग्रंथीत कॅल्सिटोनिन निर्माण करणाऱ्या 'सी' पेशीही असतात. त्यांच्यापासून होणारा मेड्युलरी कर्करोग विरळा. हॅझर्ड, हॉक व क्राइल या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञांनी १९५९ मध्ये त्याची स्वतंत्र ओळख पटवून दिली. हे दोन्ही रोग एकाच ग्रंथीत एकत्र नांदणे ही त्याहून दुर्मिळ गोष्ट होय.

सोनोग्राफी व सुईने काढलेल्या पेशींची तपासणी यांवरून पहिल्या रोगाचा माग लागतो. दुसरा मात्र अनेकदा शस्त्रक्रियेनंतर, काढलेल्या ग्रंथीचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण होते तेव्हाच उघड होतो. विशेष रंजनपद्धतीने कॅल्सिटोनिनचा शोध घेतल्यावर निदान पक्के होते. रक्तातील कॅल्सिटोनिनचे वाढलेले प्रमाणही मेड्युलरी रोगाकडे निर्देश करते.

हा भेद केवळ नावापुरता नाही. पॅपिलरी रोगात गरजेनुसार किरणोत्सारी आयोडीन देता येते. मुंबईत परळ येथे १९६३ साली सुरू झालेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण वैद्यक केंद्रामुळे मराठी वाचकांना हा उपचार परिचित असेल. मेड्युलरी पेशी आयोडीन शोषत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर या उपचाराचा उपयोग नाही. तेथे संपूर्ण ग्रंथी व गळ्याच्या मध्यभागातील लसीका ग्रंथी कुशलतेने काढणे हाच मुख्य आधार. पुढे थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. दोन्ही रोगांचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो : एकासाठी थायरोग्लोब्युलिन, तर दुसऱ्यासाठी कॅल्सिटोनिन व सीईए या रक्तचाचण्या.

मेड्युलरी रोगाच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तो आनुवंशिक असतो. त्यामागील 'रेट' जनुकातील दोष १९९३ मध्ये उलगडला. असा दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून मेड्युलरी निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाने जनुकीय चाचणीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दोष आढळल्यास मुलांचीही तपासणी होते आणि रोग उद्भवण्यापूर्वीच ग्रंथी काढून त्यांना वाचविता येते.

म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरचा तपासणी अहवाल केवळ विम्याच्या दाव्यापुरता समजू नये. तो पूर्ण समजून घ्यावा आणि मुदत ठेवीच्या पावतीइतकाच जपून ठेवावा. त्यातील एखादी ओळ पुढील पिढीच्या आरोग्याची राखण करणारी ठरू शकते.