‘मिलिटरी ग्रेड’ बॅग शेतात टिकते का? घेण्याआधी या ५ गोष्टी तपासा

गेल्या पावसाळ्यात मी गंगाखेडहून गावाकडे बाईकवर निघालो. पाठीवर नवी कोरी ‘मिलिटरी ग्रेड, वॉटरप्रूफ’ बॅग, आत ऑफिसचा लॅपटॉप. वीसेक मिनिटं पाऊस लागला. घरी येऊन चेन उघडली, तर लॅपटॉप ओलाचिंब! दुरुस्तीचा खर्च बॅगेच्या चौपट. चूक माझीही होती. मी फक्त लेबल वाचलं, बॅग तपासली नाही.

‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे नक्की काय?

मोबाईलच्या जाहिरातीत ‘मिल-एसटीडी-८१०’ वाचलं असेल. उष्णता, पाऊस, धूळ, धक्के यांच्या चाचण्या कशा घ्यायच्या, हे सांगणारं अमेरिकन संरक्षण खात्याचं हे मानक आहे. पण पास-नापासचा शिक्का देणारी सरकारी संस्था त्यामागे नाही. कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते. आणि नुसत्या ‘मिलिटरी ग्रेड’ला तर काहीच अर्थ नाही. म्हणून स्वतः तपासा:

१. कापड: ‘१०००डी’मधला डी म्हणजे डेनियर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड, पण बॅगही जड. आकड्यासोबत नायलॉन की पॉलिस्टर तेही बघा. सारख्याच डेनियरमध्ये नायलॉन सहसा घासण्याला जास्त टिकतं. बाभळीचे काटे आणि तारेचं कुंपण असेल तर फरक कळतो.

२. पट्ट्या: बाहेरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे ‘मोल्ले’ पद्धत. मूळ मापात पट्टी १ इंच, मधली जागा १ इंच आणि दर दीड इंचाला टाका. बोट घालून जोरात ओढा. टाका उसवला तर पट्ट्या फक्त शोभेच्या.

३. वजन: ८ किलो ज्वारी भरून अर्धा तास चाला. कंबरपट्टा भार खरंच कमरेवर घेतो का, की सगळं खांद्यावर येतं? आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात बुटालाच किलोभर चिखल चिकटतो, वरून जड बॅग नको.

४. ऊन: परभणीत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगतं. काळी बॅग उन्हात आणखी तापते. म्हणून फिका रंग घ्या, आणि बंद बॅगेत पॉवरबँकवर फोन चार्जिंगला लावू नका.

५. पाणी: फोनच्या आयपी६८ मागे ठरलेली चाचणी असते. बॅगेवर बहुतेक वेळा असा आकडाच नसतो. कापडाला आतून कोटिंग असतं, पण पाणी शिरतं चेन आणि शिवणीतून. बॅगेत वर्तमानपत्र भरा, ५ मिनिटं नळाखाली धरा, कागद बघा. ही चाचणी शेवटी करा, कारण भिजलेली बॅग परत घेतीलच असं नाही. बाकीच्या चाचण्या मात्र परतीची मुदत संपण्याआधी उरका.

माझ्या दुसऱ्या बॅगेची पट्टी पहिल्याच दिवशी उसवली, ती परत केली. तिसरीचा कागद चेनपाशी थोडा ओला झाला, तरी ठेवली. आता ई-पीक पाहणीचे फोटो काढायला बाबांसोबत रानात जातो, तेव्हा पॉवरबँक आणि कागदपत्रं आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. पिशवी दहा रुपयांची आहे, पण लॅपटॉप गेला तेव्हा तेवढीच कमी पडली होती.