मोटारसायकल सुरू होत नसल्यास विद्युत्-दोष कसा ओळखावा

मृगाच्या पेरणीच्या दिवसांत नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास बियाणे व खते आणण्यासाठी मोटारसायकलीचा मोठा आधार असतो. अशा वेळी बटन दाबूनही ती सुरू न झाल्यास नवी बॅटरी घेण्याची घाई होते. परंतु दोष पुष्कळदा किरकोळ असतो. तो क्रमाने शोधावा.

प्रथम किल्ली फिरवून हॉर्न वाजवावा. तो मुळीच न वाजल्यास फ्यूज व बॅटरीच्या टोकांची जोडणी पाहावी. जळालेल्या फ्यूजऐवजी तार कधीही बांधू नये. तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. हॉर्न नीट वाजतो, परंतु बटन दाबल्यावर आवाजच येत नाही, असे असल्यास इंजिन बंद करण्याचा, क्लचचा व साइड स्टँडचा स्विच तपासावा. ‘टक-टक’ असा भरभर आवाज आल्यास बॅटरी उतरली आहे किंवा टोके सैल आहेत, असे समजावे. एकदाच ‘टक’ झाल्यास दोष बहुधा रिलेत किंवा स्टार्टर मोटारीत असतो. इंजिन जोमाने फिरूनही पेट न घेतल्यास स्पार्क प्लग व पेट्रोल पाहावे.

१२ व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असता, गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवितो. इंजिनाचा वेग थोडा वाढविल्यावर हा आकडा साधारणतः १३.५ ते १४.५ व्हावयास हवा. तो न वाढल्यास दोष चार्जिंगमध्ये आहे. तो दूर केल्यावाचून बसविलेली नवी बॅटरीही लवकरच उतरेल.